कोलोनचं कॅथेड्रल: आजी, पोरं आणि बजेट सांभाळून अख्खा दिवस द्यावा का?

पिशवीवाली | सोमवार, सकाळी 10:42

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही पाच जण जर्मनीला जातोय. मी, नवरा, लेक (11), धाकटा (7) आणि सासूबाई (69, दोन्ही गुडघे कुरकुरतात पण बाई मान्य करत नाहीत). दीर ड्युसेलडॉर्फला असतो म्हणून राहायचा खर्च नाही, नाहीतर आमची कुठली डोंबलाची युरोप ट्रिप. विमानं आणि व्हिसा यातच बजेट आडवं झालंय, व्हिसाची फीच मोठ्यांना 90 युरो आणि 6 ते 11 वयाच्या पोरांना 45, त्यावर इन्शुरन्स, त्यावर सर्व्हिस चार्ज, त्यामुळे तिथे पोचल्यावर प्रत्येक युरो दोनदा मोजूनच बाहेर काढणार.

प्रश्न असा की दीराच्या घरापासून कोलोन ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. तिथलं कॅथेड्रल म्हणे स्टेशनच्या दारातच. नवरा म्हणतो उतरायचं, बाहेरून फोटो काढायचे, पुढची गाडी पकडायची, आत काय बाकडीच असणार. लेकीने कुठल्यातरी व्हिडिओत बघितलंय की 533 पायऱ्या चढून वर जाता येतं, ती हटून बसलीय. सासूबाई म्हणतात शांत बसायला मिळणार असेल तर येते, नाहीतर मला घरी सोडा. आणि माझ्या डोक्यात किडा असा की चर्चच बघायचं तर मग पॅरिसला दोन रात्री जाऊन नोत्र दामच का करू नये.

प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी सांगा. अख्खा दिवस द्यावा का?

कळव्याचा_काका | 10:58

बाहेरून फोटो आणि पुढची गाडी. तुमचे मिस्टर सुज्ञ आहेत. (पळतो)

रविवार_दुपार | 11:20

काका, तुमच्यासारख्यांमुळेच आमची ट्रिप वाया गेली :) आम्ही एका टूर कंपनीबरोबर गेलो होतो, नाव नको. बस थांबली, गाईड म्हणाला वीस मिनिटं आहेत. त्यातली निम्मी टॉयलेट शोधण्यात गेली, उरलेल्यात मान वर करून "अबब" म्हटलं आणि बस सुटली. घरी येऊन फोटो बघितले तर सगळ्यात निम्मं कॅथेड्रल, कारण जवळ उभं राहून ते फ्रेममध्ये मावतच नाही. स्वतःच्या हिमतीवर जाताय तर वेळ द्या, एवढंच सांगेन.

मोहरी_फोडणी | 11:31

फोटोसाठी टीप: स्टेशनच्या मागच्या बाजूने रेल्वेच्या होहेनझोलर्न पुलावरून चालत नदीपलीकडे डॉइट्झला जा. पुलावर प्रेमिकांनी लावलेली कुलपं आहेत, इतकी की जाळी दिसत नाही. पलीकडून ऱ्हाइन, पूल आणि दोन्ही मनोरे एका फोटोत येतात. फुकट.

खांबकमान | 12:15

आत बाकडी आहेत हे खरं. त्यातल्याच एका बाकड्यावर बसून मान वर करा. मधल्या भागाचं छत 43 मीटरवर आहे, म्हणजे चौदा मजल्यांची बिल्डिंग आत उभी राहील, आणि ते दगडी छत बारीक दिसणाऱ्या खांबांवर तोललंय. भिंती जवळजवळ नाहीतच, सगळ्या खिडक्या. हे कसं जमलं ते बाहेर जाऊन बघायचं, भिंतीला बाहेरून टेकू देणाऱ्या तिरक्या कमानी आहेत, छताचा भार त्या बाहेरच्या बाहेर जमिनीत नेतात. पोरांना आधी आत प्रश्न विचारा आणि मग बाहेर नेऊन उत्तर शोधायला लावा, माझ्या भाच्याने तासभर कंटाळा शब्द काढला नाही.

आता गोष्ट ऐका, सासूबाईंना ट्रेनमध्ये सांगायला होईल. पाया 1248 साली घातला. तेव्हा देवगिरीला यादव होते, ज्ञानेश्वरी व्हायला अजून 42 वर्षं होती. पूर्वेकडचा भाग 1322 ला पुरा झाला आणि तिथे प्रार्थना सुरू झाल्या. मग रखडत रखडत सोळाव्या शतकात पैसा आटला, उत्साह आटला, काम ठप्प. दक्षिणेचा मनोरा अर्धवट आणि त्याच्या डोक्यावर दगड उचलायची लाकडी क्रेन. ती क्रेन तिथेच राहिली, साधारण चारशे वर्षं! रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा ती तिथे होती, पानिपत झालं तेव्हा होती, 1857 ला होती. शहराच्या जुन्या चित्रांत ती दिसते, कोलोनची ओळखच झाली होती ती. 1868 ला उतरवली.

काम पुन्हा सुरू कसं झालं ते तर अजून भारी. दर्शनी भागाचा मूळ मध्ययुगीन आराखडा, चर्मपत्रावर काढलेला, हरवला होता. 1814 ला त्याचा अर्धा भाग डार्मस्टाटला एका पोटमाळ्यावर सापडला आणि उरलेला अर्धा दोन वर्षांनी पॅरिसला. 1842 ला प्रशियाच्या राजाने पुन्हा दगड बसवला, पण सगळा पैसा सरकारी नव्हता, लोकांनी संस्था काढून वर्गणी जमवली, पुढे लॉटरीसुद्धा काढली. आपल्या गणेशोत्सव मंडळाचं पावतीपुस्तकच म्हणा. 1880 ला पुरं झालं, उंची 157 मीटर, आणि वॉशिंग्टन मॉन्युमेंट होईपर्यंत म्हणजे 1884 पर्यंत जगातलं सगळ्यात उंच बांधकाम.

चारफुटाणे | 12:22

632 वर्षं! आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटबद्दल पहिल्यांदाच आशा वाटली.

कळव्याचा_काका | 12:25

बिल्डर तरी तोच होता का?

सौ_शंका | 12:40

खांबकमान, छान लिहिलंय पण मग एक शंका. 1880 ला पुरं झालं म्हणजे बराचसा भाग आपल्या व्हीटीच्याच वयाचा की! मग "मध्ययुगीन मध्ययुगीन" म्हणून एवढं कौतुक का?

खांबकमान | 13:05

बरोब्बर पकडलंत. दोन्ही मनोरे आणि समोरचा बराचसा भाग एकोणिसाव्या शतकातला, पण जुन्या आराखड्याबरहुकूम. आणि आपलं सीएसएमटी 1878 ला सुरू होऊन दहा वर्षांत झालं, म्हणजे एका वेळी इकडे त्याचा वास्तुकार फ्रेडरिक स्टीव्हन्सचे लोक आणि तिकडे कोलोनचे पाथरवट टोकदार कमानीच (गॉथिक म्हणतात ती शैली) घडवत होते. दोन्ही आज जागतिक वारसा यादीत, ते 1996 ला आणि आपलं 2004 ला.

अजून एक गंमत. राजाबाई टॉवरचा आराखडा ज्याने केला तो जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलाच नाही. त्याच माणसाचं हॅम्बुर्गचं सेंट निकोलाय चर्च 1874 ते 1876 जगात सर्वात उंच होतं. मग फ्रान्समधलं रूआंचं कॅथेड्रल, मग कोलोन. उंचीची चढाओढच चालली होती त्या काळात.

म्हणून माझा आग्रह आहे, जाण्याआधी एका रविवारी पोरांना फोर्टात फिरवा. सीएसएमटीला बाहेर आलेली जनावरांची दगडी तोंडं दाखवा, ती पावसाचं पाणी भिंतीपासून लांब फेकायला असतात. मग राजाबाई टॉवर, मग हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कॅथेड्रल, 1718 चं, ज्याच्या दिशेने किल्ल्याचा दरवाजा होता म्हणून तो चर्चगेट. वेळ उरला तर कुलाब्याचं अफगाण चर्च, तिथल्या रंगीत काचा बघा. लोकलच्या तिकिटात गॉथिकची शिकवणी होते आणि कोलोनला पोरं स्वतःच बोट दाखवून सांगतात.

मुलुंडची_माऊ | 13:12

मी पंचवीस वर्षं चर्चगेटला नोकरी केली आणि हे चर्च एकदाही आतून बघितलं नाही. जाते आता. वाचतेय, चालू द्या.

ठोकताळा | 13:50

जरा विरोधी सूर लावतो. युरोपात प्रत्येक गावात एक चर्च, प्रत्येक चर्चात एक गाईड, प्रत्येक गाईडकडे दाखवायला कुठल्यातरी संताचं एक हाड. पहिलं बघून डोळे विस्फारतात, दुसऱ्यात पाय दुखतात, तिसऱ्यात पोरं भांडतात. आम्ही शेवटी शेवटी "आज चर्च नाही" अशी लाच देऊन पोरांना सकाळी उठवायचो. तेव्हा पॅरिसचा किडा आधी काढून टाका. पाच जणांचं ट्रेनभाडं, दोन रात्रींचं हॉटेल, खाणं, म्हणजे एका चर्चचा खर्च किती पडला ते बघा. एकच करा, जवळचं करा, नीट करा.

पावशेर_पेढा | 14:10

ठोकताळा, खर्चाचं मान्य, पण नोत्र दाम स्वतः फुकट आहे हो. 15 एप्रिल 2019 ला आग लागली, डिसेंबर 2024 ला परत उघडलं, आत जायला तिकीट नाही. ऑनलाइन वेळ राखून ठेवता येते, तीही फुकट, आणि न राखता रांगेतूनही सोडतात. कोणी आत जाण्याचं तिकीट विकत असेल तर समजा गंडवतोय. आतून इतकं उजळ आहे की जुने फोटो बघून गेलेल्यांना ओळखू येत नाही, दगड सगळा साफ केलाय. पण फक्त त्यासाठी पॅरिस? नाही. पॅरिस करायचं तर पॅरिससाठी करा.

वसई_पश्चिम | 15:30

मी वसईचा ख्रिस्ती, आमच्या घरी सामवेदी बोली बोलतात, आणि कोलोनला कामानिमित्त राहिलोय, तर दोन गोष्टी.

पहिली म्हणजे ते चालतं चर्च आहे, म्युझियम नाही. मिस्सा (म्हणजे प्रार्थनाविधी) चालू असताना पर्यटकांना मधल्या भागात फिरू देत नाहीत. रविवारी आणि सणाला बघायच्या वेळा कमी असतात. सासूबाईंना शांत बसायचंय ना, मग वीकडेला सकाळी लवकर न्या, दहानंतर ग्रुप यायला लागतात. पुरुषांनी टोपी काढायची. मोठ्या बॅगा, ट्रॉल्या आत नेता येत नाहीत. फोटो चालतात, फ्लॅश नको. मेणबत्ती लावायची असेल तर नाणं टाकून लावा, कोणी धर्म विचारत नाही.

दुसरी म्हणजे मुख्य वेदीमागे सोन्याची मोठी पेटी आहे, घडण छोट्याशा चर्चसारखी, ती चुकवू नका. तीन राजांच्या अस्थी त्यात आहेत असं मानतात, म्हणजे बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ते तिघे. खरं तर त्या पेटीसाठी यात्रेकरूंची एवढी गर्दी व्हायला लागली की जुनं चर्च पुरेना, म्हणून हे मोठं काढलं. ठोकताळा म्हणतात ते हाड हेच :)

आम्ही गेलो तेव्हा आत जायला तिकीट नव्हतं, मनोरा आणि खजिन्याच्या दालनाला होतं. नियम बदलत असतात, निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या वेबसाइटवर वेळा आणि दर दोन्ही बघा.

मिलानमंगल | 16:02

तीन राजांचा विषय निघालाच आहे तर मिलानकरांच्या वतीने निषेध! त्या अस्थी मूळच्या मिलानच्या. बार्बारोसा या जर्मन सम्राटाने मिलान पाडलं आणि त्याच्या खास माणसाने, कोलोनच्या आर्चबिशपने, 1164 ला त्या उचलून कोलोनला नेल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थोड्या परत दिल्या, थोड्याच.

बाकी माझं मत विचाराल तर पोरांसाठी मिलानचा डुओमो, म्हणजे तिथलं कॅथेड्रल. छतावर चालता येतं हो! संगमरवरी 135 सुळक्यांच्या मधून, पुतळ्यांच्या खांद्याला खांदा लावून. जिन्याने गेलात तर लिफ्टपेक्षा तिकीट स्वस्त. तो संगमरवर कांदोलियाच्या खाणीतून पाण्याच्या मार्गाने थेट शहरात यायचा आणि डुओमोच्या दगडाला वाटेत जकात माफ होती. फक्त आत एक सोललेल्या माणसाचा पुतळा आहे, संत बार्थोलोम्यू, स्वतःची कातडी शालीसारखी अंगावर घेऊन उभा. आमच्या पोराने त्या रात्री दिवा बंद करू दिला नाही.

चारफुटाणे | 16:09

चौदाव्या शतकात टोल माफ! आमच्या मुलुंड-दहिसरला 2024 उजाडावं लागलं.

नाशिकची_चिवडेवाली | 16:30

जिंकल्यावर दुसऱ्याच्या चर्चमधून वस्तू उचलायची पद्धत इकडेही होतीच की. चिमाजी अप्पांनी 1739 ला वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज चर्चच्या घंटा आणल्या, आमच्या नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आहे ना ती त्यातलीच. भीमाशंकरला पण आहे.

वसई_पश्चिम | 16:41

हो, आमच्या घंटा :) लहानपणी शाळेच्या सहलीत नारोशंकराला नेलं होतं, बाईंनी सांगितल्यावर वर्गातली आमची आठ-दहा पोरं एकदम छाती पुढे काढून उभी. परत मागत नाही, वाजत राहू द्या.

सौ_शंका | 16:55

मंडळी विषयावर या, पिशवीवाली बिचारी अजून उत्तर शोधतेय. आणि डुओमोला तिकीट, लंडनच्या सेंट पॉल्सला तिकीट, मला एक कळत नाही, देवाच्या घरात जायला पैसे कसे काय घेतात? आपल्याकडे देवळात तिकीट नसतं.

ठोकताळा | 17:01

व्हीआयपी दर्शन पास हा शब्द ऐकलाय का कधी?

सौ_शंका | 17:03

...माघार.

पोटमाळा | 17:20

लंडनच्या सेंट पॉल्सची युक्ती सांगते. फिरून बघायला तिकीट आहे, पण संध्याकाळच्या गायनप्रार्थनेला फुकट बसता येतं. आम्ही तसंच केलं, चौघांचे बरेच पौंड वाचले आणि वर लहान मुलांच्या आवाजात ते गाणं, घुमटाखाली घुमतं कसलं. वेस्टमिन्स्टर ॲबीला पण असंच करता येतं.

वसई_पश्चिम | 17:44

पोटमाळा, जरूर जा, सगळ्यांना बोलावणं असतंच. पण एक विनंती, युक्ती म्हणून गेलात तरी शेवटपर्यंत बसा. अर्ध्यातून मोबाईल वर धरून रांगेने बाहेर पडणारी कुटुंबं बघितली आहेत, त्यात मराठी बोलणारी पण होती, फार ओशाळल्यासारखं होतं. आरती चालू असताना कोणी मधून सेल्फी काढत निघालं तर आपल्याला कसं वाटेल.

पोटमाळा | 17:50

शेवटपर्यंतच बसलो होतो हो. धाकटी झोपली होती ही गोष्ट वेगळी. पण मुद्दा पटला.

पिशवीवाली | रात्री 9:35

बापरे, दिवसभर ऑफिसमध्ये होते, एवढं काय काय! खांबकमान, क्रेनची गोष्ट जेवताना सांगितली, धाकट्याचा एकच प्रश्न, "क्रेनवाला काका चारशे वर्षं वरच होता?" पॅरिसचा किडा ठोकताळांनी मारला, आभार. मिलान लांब आहे, पुढच्या जन्मी.

आता बारीकसारीक विचारते. मनोऱ्याला लिफ्ट आहे का? सासूबाईंना कुठे बसवू? खायचं काय? आणि सामान? कारण त्याच दिवशी संध्याकाळी नवऱ्याच्या मित्राकडे बॉनला राहायला जायचं म्हणतोय.

मोहरी_फोडणी | 9:50

लिफ्ट नाही. 533 पायऱ्या, गोल जिना, अरुंद, आणि चढणारे उतरणारे एकाच जिन्यात, तेव्हा मधेच थांबून दम खायचा म्हटलं तर मागची रांग थांबते. वर साधारण 97 मीटरवर गॅलरी आहे. वाटेत घंटांचा मजला लागतो, तिथे सेंट पीटरची घंटा, 24 टनांची, 1923 ची, लोक तिला जाडा पीटर म्हणतात. मोठ्या सणालाच वाजते. अकरा वर्षांची मुलगी सहज चढेल, सात वर्षांचा चढेल आणि उतरताना म्हणेल उचल. वडिलांनी विचार करून जावं :)

वरून सगळं शहर दिसतं पण कॅथेड्रल दिसत नाही, कारण आपण त्याच्यावरच उभे. सासूबाईंना उंचावरून बघायचं असेल तर नदीपलीकडे कोलोन ट्रँगल नावाची इमारत आहे, लिफ्ट आहे, तिकीट माफक आहे.

रविवार_दुपार | 10:05

सासूबाईंसाठी दक्षिणेकडच्या बाजूची ती नवी खिडकी! तिच्यासमोर बसवा. 2007 ची आहे, गेर्हार्ड रिख्टर नावाच्या चित्रकाराची, 11,263 चौकोनी काचा, 72 रंग, आणि कुठला रंग कुठे हे बरंचसं संगणकाने नशिबावर सोडून ठरवलेलं. ना संत, ना देवदूत. त्या वेळच्या आर्चबिशपला अजिबात आवडली नव्हती, म्हणाले मशिदीत शोभेल. ऊन असेल तर दुपारच्या सुमारास जमिनीवर रंग पडतात, धाकट्याला त्या रंगांवर उभं करा. वीस मिनिटांच्या दौऱ्यात मी तेवढं एकच नीट बघितलं.

ठोकताळा | 10:12

मला ती खिडकी बाथरूमच्या टाइल्ससारखी वाटली होती. पण बायको तिथून उठायला तयार नव्हती, हेही नोंदवतो.

पिठलं_भाकर | 10:30

व्यावहारिक माणूस आला. ऐका.

सामान: कोलोन स्टेशनवर लॉकर आहेत, बॅग खिडकीत ठेवायची, पैसे भरायचे, बॅग जमिनीखाली जाते आणि मशीनने दिलेलं कार्ड घातलं की परत वर येते. पोरांना हेच कॅथेड्रलपेक्षा जास्त आवडतं, तयारी ठेवा. ते कार्ड एकाच्याच खिशात, आणि कुणाच्या ते लक्षात ठेवा.

पाणी: नळाचं पितात, घरून बाटल्या भरून न्या. विकत घेतलीच तर प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट डिपॉझिट असतं, रिकामी बाटली सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकली की परत मिळतं. आमच्या हिने शेवटच्या दिवशी त्यातून आइस्क्रीम काढलं.

टॉयलेट: स्टेशनवर पैसे पडतात, नाणी जवळ ठेवा. ट्रेनमधलं फुकट, उतरायच्या आधी सगळ्यांना पाठवा.

जेवण: ठेपले, गूळपोळी, सुक्या चटणीची सँडविचेस. आत खाऊ नका, नदीकाठी हिरवळ आहे तिथे बसा. नाहीतर स्टेशनातल्या बेकऱ्या. रविवारी आणि सुट्टीला जर्मनीत दुकानं बंद असतात, स्टेशनातली चालू असतात.

तिकीट: प्रादेशिक गाड्यांना पाच जणांपर्यंतची दिवसाची ग्रुप तिकिटं असतात, दीरालाच विचारा तुमच्या टप्प्यात कुठलं स्वस्त पडतं. लांब पल्ल्याच्या गाडीने कुठे गेलात तर 6 ते 14 ची मुलं मोठ्यांबरोबर फुकट, फक्त बुक करताना त्यांची नोंद करावी लागते. आणि जर्मन गाड्या घड्याळावर चालतात हा समज मुंबईतच ठेवून जा.

मुलुंडची_माऊ | 10:41

ठेपल्यांवर एवढा विश्वास ठेवणारा पहिला मराठी माणूस. दशम्या न्या हो!

पिठलं_भाकर | 10:44

बायको घाटकोपरची आहे. पुढे बोलू नका.

आजोबा_ठाणे | मंगळवार, सकाळी 6:15

सकाळी लवकर उठतो म्हणून सगळं वाचून काढलं. एक राहिलं. दुसऱ्या महायुद्धात या कॅथेड्रलवर 14 मोठे बॉम्ब पडले तरी ते उभं राहिलं, आजूबाजूचं शहर मात्र जमीनदोस्त. तेव्हाच्या फोटोत सगळीकडे मलबा, नदीत कोसळलेला पूल आणि मधे हे दोन मनोरे. एका मनोऱ्याला खाली मोठं भगदाड पडलं होतं, ते घाईने विटांनी बुजवलं, आणि त्या विटा कित्येक वर्षं तशाच दिसत होत्या, 2005 ला त्यावर दगड चढवून झाला. आम्ही त्याआधी गेलो होतो, मी हात लावून बघितल्या आहेत. तुमच्या मिस्टरांना इतिहासाची नाही तरी क्रिकेटची आवड असेलच, त्यांना सांगा चौदा बाउन्सर खाऊन नाबाद आहे.

मी सत्तरीत तिथे तासभर एका जागी बसलो. ऑर्गन वाजवून बघत होते कोणी तरी. माझ्या पायांची तक्रार नव्हती.

कळव्याचा_काका | 8:20

आजोबांनी माझी विकेट काढली. मत बदललं, आत जा. फोटो येताना काढा.

सौ_शंका | 8:34

शेवटची शंका, इतकं काळं का आहे ते? कोणी धुत नाही का?

खांबकमान | 9:10

धूर आणि प्रदूषण, शंभर वर्षं दारात कोळशाची इंजिनं होती. धुणं-पुसणं सोपं नाही, वेगवेगळ्या खाणींचे दगड आहेत आणि प्रत्येकाला वेगळी वागणूक लागते. त्यांचा स्वतःचा पाथरवटांचा कारखाना आहे, तो कायम चालू असतो, एकीकडची दुरुस्ती संपेपर्यंत दुसरीकडे परांची बांधलेली. परांचीशिवायचा फोटो मिळेल ही आशा ठेवू नका.

पिशवीवाली | दुपारी 1:15

ठरलं बघा. पॅरिस रद्द. बॉनचा मुक्काम पण रद्द, त्यामुळे लॉकरचे पैसे वाचले (धाकट्याला अजून सांगितलं नाहीये). सकाळी आठ-साडेआठला कोलोन, आधी सगळे आत, सासूबाई सोन्याची पेटी बघून बसतील. मग नवरा आणि लेक मनोऱ्यावर, मी आणि धाकटा बाहेर पाणी फेकणारी जनावरं मोजणार. दुपारी ऊन असलं तर परत आत खिडकीपाशी, मग पुलावरून पलीकडे. अख्खा दिवस. येत्या रविवारी फोर्टात रंगीत तालीम पण करणार, सासूबाईंनी आत्ताच विचारलंय की तिथून पारशी डेअरी किती लांब.

गुरुवार धरलाय, मेच्या मध्यावरचा. वीकडे पण आहे आणि नेमकी दीराला पण त्या दिवशी सुट्टी आहे, तो पण येईल सोबत.

वसई_पश्चिम | 1:32

थांबा थांबा. मेमध्ये गुरुवारी जर्मनीत ऑफिसला सुट्टी म्हणजे बहुतेक स्वर्गारोहणाचा सण. ईस्टरचा दिवस धरून चाळिसाव्या दिवशी येतो, कायम गुरुवारीच. कॅथेड्रलमध्ये सणाच्या मिस्सा असतील, बघायच्या वेळा रविवारसारख्या कमी, मनोऱ्याला गर्दी, दुकानं बंद. दीराला विचारा कसली सुट्टी आहे.

पिशवीवाली | 1:58

विचारलं. तो म्हणाला "कसली ते माहीत नाही, कॅलेंडरवर लाल आहे." आठ वर्षं राहतोय तिथे!! कॅलेंडरचा फोटो मागवला, स्वर्गारोहणच आहे.

बुधवारी जातोय, त्याच्याशिवाय. गुरुवारी तो घरीच आहे तर त्यालाच कुकर लावायला सांगते.